तुतीखालची बाबागाडी

एवान्थियाचा धंद्यातला एक नियम होता आणि त्यापायी ऑफिसातली बाकीची एजंट मंडळी तिला वेड्यात काढायची. गिऱ्हाइकाला ती घर आधी दाखवायचीच नाही. आधी गल्ली. गाडी दोन चौक अलीकडे उभी करायची, पाहुण्यांना चालत न्यायचं, वाटेत बेकरीत त्यांनाच पाव घ्यायला लावायचा, मग चौकातल्या बाकावर बसवायचं. अर्धा तास उलटला तरी किल्ल्या पर्समध्येच. "अहो बाई, घर दाखवताय की यात्रा घडवताय?" असं एका दातांच्या डॉक्टरनं तिला तोंडावर विचारलं होतं. तीही काही कमी नव्हती. म्हणाली, "भिंत नाही आवडली तर रंगवता येते, डॉक्टर. शेजारी रंगवता येतो का?"

दुसरा नियम याहून कडक. भर दुपारी गल्ली दाखवायची नाही. उन्हाळ्यात जेवणं आटोपली की अथेन्सची उपनगरं जी गपगार होतात ती ऊन कलेपर्यंत. खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, दुकानांची शटरं खाली. त्या वेळात कुणी पियानो वाजवला तर शेजारी पोलिसांना फोन करतो, आणि पोलीस झोपमोड झाली म्हणून दोघांवरही डाफरतात. अशा वेळी नवख्या माणसाला वाटणार, इथे कुणी राहतच नाही.

हे गल्लीचं खूळ तिच्या डोक्यात आलं ते जर्मनीतल्या स्टुटगार्टहून. ती लहान असताना तिचा बाप तिकडे कारखान्यात लागला आणि आईनं चांगली चौकशी करून गावाबाहेरची वसाहत निवडली. हिरवं कुंपण, झाडलेले रस्ते, बाग जवळ. शेजारी मान हलवून नमस्कार करायचे आणि दार लावून घ्यायचे. वाईट नव्हतं हो कुणीच. पण आई दिवसभर खिडकीशी उभी. शेवटी ती एवान्थियाला घेऊन परत आली, बाप तिकडेच राहिला, नाताळात पाहुण्यासारखा येत राहिला. पेन्शन घेऊन कायमचा आला त्या सकाळी आईनं त्याला विचारलं, "साखर किती घालू?" नवऱ्याला! कॉफीत साखर किती! एवान्थिया तिथेच स्वयंपाकघरात उभी होती. तो प्रश्न तिच्या कानातून आजवर गेलेला नाही.

म्हणून त्या शुक्रवारी गाडीत शेजारी बसलेली बाई जेव्हा सरळ समोर बघत म्हणाली, "उद्या संध्याकाळच्या विमानाची तिकिटं आहेत आमची. तोवर घर नाही मिळालं तर मी मुलांना घेऊन परत जाईन. इंद्रेक इथे एकटा राहील. नाताळात येईल," तेव्हा एवान्थियाचा पाय उगाचच ब्रेकवर पडला. मागच्या गाडीवाल्यानं तिच्या आईबापाचा उद्धार केला. तिनं लक्षसुद्धा दिलं नाही.

बाईचं नाव एहा. एस्टोनियातल्या तार्तू गावची. उंच, पिवळट केस घट्ट बांधलेले, बोलणं अगदी मोजकं. नवरा इंद्रेक पिरेअस बंदरात एका जहाज कंपनीत चार वर्षांच्या कामावर आलेला, वसंतापासून एका खोलीत पडलेला. बरोबर दोन लेकरं: सहा वर्षांची मिर्तेल आणि काही महिन्यांचा उकू. दोघी बोलत जर्मनमधून. एवान्थियाला ती स्टुटगार्टनं शिकवलेली, एहाला शाळेनं.

आठवडाभर एवान्थिया त्यांना घेऊन फिरत होती आणि मनातल्या मनात या बाईला दाद देत होती. काय ती शांतता! पोर रडलं तर ही ओरडत नाही, धावत नाही, उचलते, खांद्यावर टाकते, पुढचं वाक्य पुरं करते. इथल्या आया एवढ्या वेळात सगळ्या देवांना हाका मारून मोकळ्या झाल्या असत्या. एहाचा सगळीकडे एकच प्रश्न असायचा: "माझी मुलगी इथून शाळेत एकटी चालत जाऊ शकेल का?" आणि सगळीकडे लोक हसायचे. "एकटी? एकटी कशाला? आजी नाही का तिला?" वूला नावाच्या उपनगरात, समुद्रकाठी, झकास घर होतं. फाटक, पहारेकरी, पोहण्याचा तलाव. एहानं तिथेही तेच विचारलं. पहारेकरी म्हणाला, "इथे कुणी चालतच नाही, मॅडम." एहानं मान डोलावली आणि गाडीत जाऊन बसली. मिर्तेलनं मागून विचारलं, "आई, इथली मुलं कुठे ठेवतात?" एहानं ते जर्मनमध्ये सांगितलं आणि एवान्थियानं गाडी सुरू केली.

आता उरलं होतं एकच, इमितोस डोंगराच्या पायथ्याशी, इलिऊपोलीतलं. तिथे जायला संध्याकाळच बरी, असं एवान्थियानं सतरा वेळा सुचवलं. पण संध्याकाळी एहाला इंद्रेकच्या कंपनीत बोलावलेलं. झक मारत भर दुपारी जावं लागलं. नियम मोडला तो असा.

गल्ली नेहमीसारखी झोपलेली. बेकरी बंद, बाक तापलेला. दोन्ही कडेला तुतीची झाडं आणि फरशीवर पडून फुटलेल्या तुतींचे जांभळे डाग. एवान्थियाला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "संध्याकाळी इथे फार गजबज असते," ती म्हणाली. बोलताना तिलाच ते खोटं वाटलं.

"हो का," एहा म्हणाली.

दाराचं कुलूप अडलं. एवान्थिया किल्ली उलटी-सुलटी करत, कुलपाला लाडीगोडी लावत, मग शिव्या देत झुंजत होती, आणि मागे एहानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. उकू गाढ झोपला होता. तिनं बाबागाडी समोरच्या तुतीखाली सावलीत नेली, ब्रेक लावला, पातळ पांघरूण सारखं केलं आणि मिर्तेलचा हात धरून आत शिरली. तार्तूत बाळं बाहेरच झोपतात. दुकानाबाहेर, अंगणात, थंडीत तर आवर्जून. तिथे त्यात काहीही विशेष नाही. एवान्थियाला वाटलं, गाडी आत जिन्याखाली ठेवली असेल. विचारलं नाही, इथेच चुकलं.

घर तिसऱ्या मजल्यावर. जुनं, पण प्रत्येक खोलीत उजेड आणि लांबलचक बाल्कनी. समोर डोंगर. मिर्तेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावली, परत धावली. आणि एहा चक्क हसली. आठवड्यात पहिल्यांदा! एवान्थियाच्या जिवात जीव आला. "स्वयंपाकघर बघा," ती म्हणाली.

"आधी उकूला बघते," म्हणत एहा कठड्यावरून वाकली.

तुतीखाली काही नव्हतं.

तिनं किंकाळी फोडली नाही. नुसती वळली आणि जिना उतरायला लागली, एकेका उडीत चार-चार पायऱ्या. एवान्थिया मिर्तेलला काखोटीला मारून तिच्या मागे. पन्नाशीच्या बाईला सहा वर्षांची पोर उचलून जिना उतरायचा म्हणजे खेळ नाही, पण तेव्हा तिला वजन कळलंच नाही. खाली गल्ली रिकामी. एहा रस्त्याच्या मधोमध उभी, चेहरा पांढराफटक, ओठ नुसते हलतायत. "काय केलं मी," ती पुटपुटत होती, "काय केलं मी हे."

तेवढ्यात समोरच्या हिरव्या फाटकामागून एक आवाज आला. आवाज कसला, नुसती खुसफूस.

एवान्थियानं फाटक ढकललं. आत अंगणात अर्धी गल्ली जमलेली. गाऊन घातलेल्या, केस विस्कटलेल्या, गालांवर उशीचे वळ उमटलेल्या बायका. मध्ये, द्राक्षाच्या मांडवाखाली, बाबागाडी. बाजूला पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत आणि बनियनवर पांदेलिसकाका, निवृत्त बस ड्रायव्हर, वर्तमानपत्राच्या घडीनं उकूला वारा घालतायत. आणि गाडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून पोलिक्सेनीमावशी. घर तिचं, अंगण तिचं, बुटकी, रुंद, ऐंशीच्या घरातली. एहाला पाहताच तिनं तोंडाचा पट्टा सोडला. पण कुजबुजत!

"आलीस? सापडली वाट? रस्त्यावर टाकून गेलीस लेकराला! उन्हात!"

"सावली होती गं," कुणीतरी कुजबुजलं.

"तू गप. सावली सरकते! आणि तुती टपटप पडत होत्या अंगावर. एखादी नाकात गेली असती म्हणजे?"

"मावशी, हळू. उठेल तो."

"हळूच बोलतेय! तूच हळू बोल!"

"आई आहे का कोण आहे ही? मी म्हटलं, टाकलंच कुणीतरी बाळ. पोलिसांना फोन लावणार होतो," पांदेलिसकाका कुजबुजले. वारा घालणं मात्र थांबवलं नाही.

एहानं मधल्या दोघींना सरळ बाजूला सारलं आणि गाडीवर वाकली. पाहिलं, हात लावून पाहिलं. मग ताठ झाली. "काय म्हणतायत या?"

"म्हणतायत, बाळ फार गोड आहे," एवान्थिया म्हणाली.

"मला भाषा येत नाही, चेहरे वाचता येतात."

"बरं. म्हणतायत की तुम्ही त्याला टाकून गेलात."

"मी टाकलं नाही. मी त्याला झोपवलं." एहा म्हणाली. "आमच्याकडे बाळ बाहेर झोपतं. बर्फातसुद्धा झोपतं. आणि त्याला कुणी हात लावत नाही. कुणीही. सांगा यांना."

एवान्थिया सांगायच्या आत पोलिक्सेनीमावशीनं बाळाकडे एकवार डोळे भरून पाहिलं, वाकली आणि त्याच्यावर तीनदा थुंकली. थू, थू, थू.

झालं! एहानं गाडी अशी हिसकली की मावशीच्या हातून दांडा सुटला. "ती माझ्या मुलावर थुंकली!"

"दृष्ट लागू नये म्हणून! अहो, कोरडंच थुंकतात. कौतुक आहे ते. आवडला नसता तर थुंकली नसती!"

"ही गल्ली नको," एहा म्हणाली. "कुठलीच नको. मला हॉटेलवर सोडा."

एवान्थियानं गाडी हॉटेलकडे वळवली. मागच्या सीटवर मिर्तेल मुठीतल्या तुती खात होती. पांदेलिसकाकांनी दिल्या होत्या कधीतरी, एवढ्या गोंधळात. तिची हनुवटी जांभळी झाली होती.

संध्याकाळी एवान्थिया रागारागानं परत इलिऊपोलीला गेली. आता गल्ली भरात होती. बेकरी उघडी, पोरं सायकलींवर, दारोदार खुर्च्या मांडलेल्या. बघा, हेच दाखवायचं होतं! मावशी फाटकात बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती.

"केलंत वाटोळं," एवान्थिया म्हणाली. "मुलं घेऊन निघाली ती. नवरा राहणार इथे एकटा. समाधान झालं?"

"मी काय केलं? मी बाळ सांभाळलं."

"तिनं टाकलं नव्हतं, मावशी. त्यांच्या देशात बाळं बाहेरच झोपवतात. बर्फ पडत असताना."

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बर्फात?"

"बर्फात. गाल लाल होतात आणि झोप गाढ लागते म्हणे."

मावशीनं छातीवर क्रूस काढला. तिचा स्वतःचा मुलगा, सून, दोन्ही नातवंडं मेलबर्नला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मग तिनं विचारलं, "आणि बघायला कोण बसतं?"

"कुणी नाही. गरजच नसते."

"कुणीच नाही?"

"नाही म्हटलं ना."

"अरेरे," मावशी हळूच म्हणाली, "बिचारी." मग पुन्हा शेंगा मोडायला लागली. "मला ठाऊक असतं तर मी हलवलं असतं का गं? मूर्ख आहे मी. थुंकायला तरी नको होतं."

"नकोच होतं," एवान्थिया म्हणाली. पण तिचा राग उतरला होता. त्या अंगणात राग टिकवणं कठीणच.

शनिवारी सकाळी ती निरोप घ्यायला हॉटेलवर गेली. एहा दारातच उभी, बॅगा भरलेल्या. इंद्रेक बाजूला, मिर्तेलला खांद्यावर घेतलेला, दाढी न केलेला. तो हसून बोलत होता, पण मिर्तेलचा पाय काही सोडत नव्हता. एवान्थियानं त्याच्याकडे बघायचं टाळलं. तिला तिचा बाप आठवत होता, स्टेशनावर असाच हसणारा.

"मला कालच्या गल्लीत न्या," एहा म्हणाली. "दुपारी. त्याच वेळी."

"तिथे? कशाला?"

एहानं बाबागाडी जवळ ओढली. "रात्री मी फार चिडले होते. इंद्रेकला सगळं सांगत होते, किती माणसं, कशी बोलली, काय काय केलं. सांगता सांगता एक गोष्ट लक्षात आली." ती उकूकडे बघत म्हणाली, "एवढी माणसं माझ्यावर ओरडली. आणि तो उठला नाही."

हे तिच्या कसं नाही लक्षात आलं? तीस वर्षं गल्ल्या दाखवतेय आणि हे तिनं कधी कुणाला दाखवलं नव्हतं. मनातून तिनं या उत्तरेच्या बाईला हात जोडले.

दुपारी गल्ली पुन्हा झोपलेली. पण त्या तुतीखाली एक नवल होतं. झाडाच्या फांदीपासून हिरव्या फाटकापर्यंत कुणीतरी जुनी फुलाफुलांची चादर ताणून बांधली होती. वर तुती साठल्या होत्या, पोटाशी जांभळी पडली होती चादर. खालची फरशी धुऊन लख्ख.

"हे तुम्ही सांगितलं?" एहानं विचारलं.

"देवाशपथ नाही. तुम्ही येणार हे सकाळपर्यंत मलाच कुठे ठाऊक होतं?"

एहानं बाबागाडी चादरीखाली नेली. ब्रेक लावला. पांघरूण सारखं केलं. मग मिर्तेलला घेऊन, मागे न बघता, ती बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि भिंतीआड उभी राहिली. एवान्थिया तिच्यामागे. एहाचा हात भिंतीवर होता आणि बोटं पांढरी पडली होती. एवान्थिया स्वतः नास्तिक, पण त्या घडीला तिनं दोन-तीन संतांना वेठीस धरलं.

फाटक करकरलं. पोलिक्सेनीमावशी बाहेर आली, गाऊनवरच, हातात वेताची खुर्ची. तिनं खुर्ची उचलूनच आणली, फरपटू दिली नाही. गाडीपासून हातभर लांब ठेवली. वाकून एकदा आत पाहिलं. हात पुढे गेला, आणि तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मागे ओढला. मग खुर्चीवर बसली, दोन्ही तळवे मांडीखाली दाबून, खोड्या करणाऱ्या पोराला बसवावं तशी.

वर एका बाल्कनीची झडप किलकिली झाली. मग दुसरी. पांदेलिसकाका बनियनवर दारात येऊन उभे राहिले, मावशीनं डोळे वटारले तसे आत गेले.

आणि तेवढ्यात चौकातून भंगारवाला आला. टेम्पोवर भोंगा, भोंग्यातून त्याचा तो चिरका आवाज, "जुने फ्रिज, जुन्या शेगड्या, जुनं लोखंड!" हा प्राणी कुणाचं ऐकत नाही. नियम त्याला लागू नाहीत, दुपार त्याला दिसत नाही. अख्ख्या अथेन्समध्ये त्याला कुणी गप्प केल्याचं ऐकिवात नाही.

मावशी उठली. सपाता फटफटू नयेत म्हणून तिनं त्या काढल्या आणि अनवाणी, तापलेल्या डांबरावरून, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एक हात वर. टेम्पो तिच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबला. ती खिडकीशी गेली, काहीतरी कुजबुजली, बोटानं तुतीकडे दाखवलं. भंगारवाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं. भोंगा बंद झाला. इंजिनही बंद झालं. उतारावरून त्यानं टेम्पो तसाच, नुसता ब्रेकवर, आवाज न करता घरंगळत नेला. बेकरीपाशी येताना एवान्थियाला त्याचा चेहरा दिसला. देवळात शिरल्यासारखा गंभीर होता.

मावशी एकेक पाय उचलत, भाजलेले तळवे चोळत परत खुर्चीवर जाऊन बसली.

एहा रडत होती. आवाज नाही, चेहरा तसाच शांत, फक्त पाणी वाहतंय. तिनं फोन काढला आणि इंद्रेकला त्यांच्या भाषेत चार-पाच शब्द सांगितले. एवान्थियाला एकही कळला नाही, पण पलीकडून जो आवाज आला तो फोनबाहेर ऐकू आला, आणि तो कुठल्याही भाषेत कळला असता. नाताळपर्यंत थांबायचं नव्हतं त्याला आता.

डोळे पुसून एहा म्हणाली, "आज ती थुंकली नाही."

"मीच म्हटलं होतं काल, थुंकायला नको होतं म्हणून."

"तिला सांगा," एहा म्हणाली, "थुंकू दे."

एवान्थिया चवड्यांवर चालत तुतीखाली गेली, मावशीच्या कानाशी वाकली आणि निरोप सांगितला. मावशीनं कोपऱ्याकडे पाहिलं. भिंतीआडून बाहेर आलेली ती उंच बाई, तिचा हात धरलेली जांभळ्या हनुवटीची पोर. मावशीच्या ओठांचा चंबू झाला, पण तिनं तो आवरला.

"आत्ता नको, झोपलंय लेकरू," ती कुजबुजली. "उठल्यावर थुंकते. आता कुठे पळून चाललाय तो?"